ग्रहणातून नकाशा: जोडताऱ्यांमधील संचयचकत्यांच्या मापनाचा इतिहास

दोन तारे एकमेकांभोवती इतक्या जवळून फिरत असतील, की एकाच्या पृष्ठभागावरील वायू दुसऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने ओढला जावा, तर तो वायू दुसऱ्या ताऱ्यावर सरळ कोसळत नाही. कक्षीय भ्रमणातून त्याच्या वाट्याला कोनीय संवेग आलेला असतो आणि तो बाहेरच्या बाजूला सोपवल्याखेरीज वायूला आत उतरता येत नाही. म्हणून तो ताऱ्याभोवती फिरत राहतो, पसरत जातो आणि त्याची एक चपटी चकती बनते. आतले थर बाहेरच्या थरांपेक्षा वेगाने फिरत असल्याने त्यांच्यात घर्षण होते, त्या घर्षणाने चकती तापते व प्रकाशू लागते, आणि वायू थोडाथोडा करून मधल्या ताऱ्यावर जमा होतो. या चकतीला संचयचकती म्हणतात. मधला तारा पुष्कळदा श्वेत बटू असतो, म्हणजे ज्याचे इंधन संपले आहे आणि ज्यात सूर्याच्या तोलाचे द्रव्य पृथ्वीएवढ्या आकारात दाबले गेले आहे असा तारा. दक्षिण ध्रुवाजवळच्या आकाशातील झेड कॅमेलिओंटिस या जोडताऱ्यातील चकतीचा व्यास पृथ्वी आणि चंद्र यांच्यातील अंतराएवढा, म्हणजे सुमारे ४ लाख किलोमीटर भरतो. पृथ्वीपासून ती साडेतीनशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे आकाशातील तिची कोनीय रुंदी हबल दुर्बिणीला वेगळे दाखवता येणाऱ्या सर्वांत बारीक तपशिलाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी ठरते. तरीही तिच्या कोणत्या भागाचे तापमान किती, याचे नकाशे १९८५ पासून छापले जात आहेत. हे नकाशे दुर्बिणीच्या भिंगातून आलेले नाहीत. ते ग्रहणांतून आले आहेत, आणि ग्रहणाला मोजपट्टी बनवण्याचे हे कसब दोन शतकांत टप्प्याटप्प्याने घडत गेले.

त्याची सुरुवात इंग्लंडमधील यॉर्क येथे झाली. जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या कर्णबधिर तरुणाने १७८२ च्या नोव्हेंबरात ययाती तारकासमूहातील अल्गॉल या ताऱ्याचे तेज मंदावताना पाहिले आणि शेजारच्या ताऱ्यांशी नुसत्या डोळ्यांनी तुलना करत त्याचा आवर्तकाल निश्चित केला. तो सुमारे २ दिवस २० तास ४९ मिनिटे आहे. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आलेल्या निवेदनात त्याने दोन शक्यता मांडल्या: एखादा मोठा काळोखा गोल अल्गॉलभोवती फिरत त्याच्या आड येत असावा, किंवा त्या ताऱ्याच्या एका अंगावर डाग असावेत. पहिली शक्यता खरी ठरायला १८८९ साल उजाडले. त्या वर्षी पॉट्सडॅम येथे हेरमान फोगेल याने वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून अल्गॉल हा जोडतारा असल्याचे सिद्ध केले. पुढे प्रिन्स्टनमध्ये हेन्री नॉरिस रसेल आणि त्याचा विद्यार्थी हार्लो शॅप्ली यांनी १९१२ पासून प्रकाशवक्राच्या, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या तेजाच्या आलेखाच्या आकारावरून दोन्ही ताऱ्यांच्या त्रिज्या, त्यांच्या तेजाचे प्रमाण आणि कक्षेचा कल काढण्याची पद्धत बसवली. शॅप्लीने ती नव्वद पिधानकारी, म्हणजे एकमेकांना आळीपाळीने झाकणाऱ्या, जोडताऱ्यांना लावली. तारे जवळजवळ गोल असतात असे धरले की अज्ञात राशी चार-पाचच उरतात, आणि आलेखाच्या उतारांवरून त्या बऱ्यापैकी निश्चित करता येतात. चकतीच्या बाबतीत हा आधारच निसटतो. तिचे तेज कुठे किती असावे यावर आकाराचे कोणतेही साधे बंधन नसते.

चकतीसारखे काही तरी ताऱ्यांभोवती असते, याचा पहिला स्पष्ट पुरावाही ग्रहणानेच दिला. माउंट विल्सन वेधशाळेत आल्फ्रेड जॉय याने १९४२ मध्ये आर. डब्ल्यू. टाउरी या जोडताऱ्याच्या खग्रास ग्रहणाच्या वेळी वर्णपट घेतले. तेजस्वी तारा पूर्ण झाकला गेलेला असताना वर्णपटात हायड्रोजनच्या दीप्त रेषा दिसल्या. ग्रहणाच्या आरंभी त्या तांबड्या बाजूकडे सरकलेल्या होत्या, तर अखेरीस जांभळ्या बाजूकडे. याचा अर्थ असा, की झाकणारा तारा आधी जी बाजू आड करतो ती आपल्याकडे येणारी असते, त्यामुळे दूर जाणारी बाजू तेवढी उघडी राहते. ग्रहण सुटण्याच्या बेतात हे उलटे होते. मधल्या ताऱ्याभोवती वायूचे कडे फिरते आहे आणि ते कक्षेच्याच दिशेने फिरते, या दोन गोष्टी थोड्याशा वर्णपटांतून ठरल्या. या विषयातील पुढची सारी चातुर्ये त्यात बीजरूपाने होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

दरम्यान दुसऱ्या एका वर्गाच्या ताऱ्यांनी खगोलशास्त्रज्ञांना शंभर वर्षे कोड्यात टाकले होते. १८५५ च्या डिसेंबरात लंडनमध्ये जॉन रसेल हाइंड याला मिथुन राशीत एक नवा तारा दिसला आणि थोड्याच दिवसांत तो मावळत गेला. हाच यू जेमिनोरम. नॉर्मन पॉग्सन याने १८५६ मध्ये त्याचा मागोवा घेतला. ताऱ्यांच्या प्रती मोजण्याचे आजचे प्रमाण याच पॉग्सनने त्याच वर्षी सुचवले, आणि १८६१ पासून मृत्यूपर्यंत तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होता. यू जेमिनोरम साधारण शंभर दिवसांनी एकदा चौदाव्या प्रतीवरून नवव्या प्रतीपर्यंत उजळतो, आठवडा-पंधरवडा तसा राहून पुन्हा मंदावतो. अशा ताऱ्यांना बटू नवतारे हे नाव पडले. पण त्यात नेमके काय उजळते, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

उत्तराची वाट १९५४ मध्ये उघडली. मर्ल वॉकर याने शौरी तारकासमूहातील डी. क्यू. हर्क्युलिस या १९३४ मध्ये एकाएकी उजळलेल्या नवताऱ्याचे प्रकाशविद्युत् नळीने मापन केले, तेव्हा दर ४ तास ३९ मिनिटांनी त्याला ग्रहण लागत असल्याचे आढळले. इतक्या लहान कालावधीत फेरी पुरी करणारा जोडतारा म्हणजे सूर्याएवढ्या जागेत मावणारी दोन ताऱ्यांची जोडी. त्याच वर्षी वॉकर आणि जॉर्ज हर्बिग यांनी यू. एक्स. अर्सी मेजोरिस या ताऱ्याच्या आलेखातील ग्रहणापूर्वीचा उंचवटा समजावताना असे सुचवले, की एका ताऱ्याभोवतीच्या वायूच्या कड्यावर दुसऱ्याकडून येणारा प्रवाह आदळतो आणि तेथे एक तप्त ठिपका तयार होतो. ही कल्पना काळाच्या बरीच पुढे होती आणि जवळजवळ पंधरा वर्षे तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही. रॉबर्ट क्राफ्ट याने १९६० नंतरच्या काही वर्षांत बटू नवतारे आणि नवतारे हे जवळपास सगळेच जोडतारे असल्याचे वर्णपटांवरून दाखवून दिले, आणि वॉइचेख क्शेमिन्स्की याने १९६५ मध्ये खुद्द यू जेमिनोरमला ग्रहण लागते हे प्रसिद्ध केले.

येथे एक लक्षणीय घोटाळा झाला. यू जेमिनोरम उजळतो त्या काळात ग्रहण उथळ होत जाते आणि जवळजवळ नाहीसे होते. क्शेमिन्स्कीने यावरून असा निष्कर्ष काढला, की हे उजळणे, म्हणजे उद्रेक, झाकल्या जाणाऱ्या ताऱ्यात होत नसून झाकणाऱ्या, म्हणजे वायू देणाऱ्या तांबड्या ताऱ्यात होतो, कारण झाकणाराच तेजस्वी झाला तर ग्रहणाने तेज फारसे घटणार नाही. तर्क निर्दोष होता. गृहीत चुकीचे होते. १९७१ मध्ये टेक्सासच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत ब्रायन वॉर्नर आणि एडवर्ड नेथर यांनी काही सेकंदांच्या अंतराने तेज मोजणारे प्रकाशमापन केले, आणि त्याच वर्षी वॉर्सामध्ये युझेफ स्माक याने स्वतंत्रपणे जुन्या मापनांचा फेरविचार केला. तिघेही एकाच निर्णयाला आले: यू जेमिनोरममध्ये झाकला जातो तो श्वेत बटू नव्हेच, तर चकतीच्या कडेवरचा तप्त ठिपका. कक्षेचा कल असा आहे, की तांबडा तारा मध्यभागाला स्पर्श न करता बाजूच्या ठिपक्यावरून जातो. उद्रेकात चकतीचा मध्य उजळतो, तो झाकला जात नाही आणि ठिपक्याचा वाटा त्या झगमगाटात नगण्य होतो. म्हणून ग्रहण बुजते. क्शेमिन्स्कीचीच निरीक्षणे कायम ठेवून त्यांचा अर्थ पुरता उलटला, आणि उद्रेकाचे स्थान तांबड्या ताऱ्यावरून चकतीकडे सरकले. ग्रहणाचा आलेख वाचताना काय झाकले जात आहे हे आधी ठरवावे लागते, हा धडा या क्षेत्राने येथे घेतला.

सिद्धांताची बाजूही याच सुमारास उभी राहिली. मॉस्कोतील निकोलाय शाकुरा आणि राशिद सुन्यायेव यांनी १९७३ मध्ये चकतीचे प्रतिमान मांडले. त्यानुसार चकतीत बाहेरून जितका वायू येतो तितकाच आत उतरत असेल, म्हणजे प्रवाह स्थिर असेल, तर तापमान केंद्राकडून बाहेर एका ठरावीक नियमाने घटते: मध्याच्या अगदी लगतचा भाग सोडला तर अंतर सोळापट झाल्यास तापमान आठव्या हिश्श्यावर येते. वायूच्या थरांमधील घर्षणाला, म्हणजे श्यानतेला, नेमके कारण कोणते हे त्यांनी उघडे ठेवले आणि तिच्या जागी आल्फा हा एक अंक घातला. पुढच्या कित्येक वादांचे मूळ या अंकात आहे. उद्रेकाबद्दल दोन पक्ष पडले. जपानमधील योजी ओसाकी याने १९७४ मध्ये असे मांडले, की चकतीत द्रव्य साठत जाते आणि एका मर्यादेनंतर तीच अस्थिर होऊन ते वेगाने आत लोटते. इंग्लंडमधील जेफ्री बाथ याचे म्हणणे असे होते, की तांबडा ताराच मधूनमधून जास्त वायू ओततो आणि चकती फक्त त्याला प्रतिसाद देते. पहिल्या पक्षाला नंतर भौतिक आधार मिळाला. सुमारे दहा हजार अंशांच्या आसपास हायड्रोजनचे अणू अर्धवट आयनीभूत होतात, तेव्हा वायूची पारदर्शकता झपाट्याने बदलते आणि चकती थंड व तप्त अशा दोन अवस्थांत आलटून पालटून उडी घेऊ शकते. दोन्ही पक्षांचा निकाल चकतीच्या तापमानाच्या वितरणावरून लागण्यासारखा होता, पण ते वितरण मोजायचे कसे, हा प्रश्न शिल्लक होता.

झेड कॅमेलिओंटिसने ते शक्य करून दाखवले. हा जोडतारा दर १०७ मिनिटांनी एक फेरी पुरी करतो आणि त्याची कक्षा जवळजवळ कडेने दिसते, त्यामुळे तांबडा तारा श्वेत बटू, ठिपका आणि चकती या तिघांवरून जातो. १९७० नंतरच्या दशकात वॉर्नर याने आणि १९७९ मध्ये जेरेमी बेली याने मांडलेल्या त्याच्या आलेखात स्वतंत्र पायऱ्या दिसतात. पहिली घसरण श्वेत बटू आड जाण्याची. ती मिनिटभरात संपते, कारण तो इवलासा आहे. थोड्या वेळाने ठिपका आड जातो, तेव्हा दुसरी घसरण येते. बटू सुमारे सहा मिनिटे झाकलेला राहतो, मग एकदम उजेडात येतो, आणि ठिपका त्याच्यामागून बऱ्याच उशिराने. या चार क्षणांची वेळ सेकंदांत मोजली, तर वायूचा प्रवाह चकतीला कुठे आदळतो, दोन ताऱ्यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर किती आणि कक्षा किती अंशांनी कललेली आहे, हे सर्व भूमितीने निघते. पायऱ्यांच्या मधला सावकाश उतार मात्र चकतीचा असतो, आणि त्यात तिच्या प्रत्येक भागाचा वाटा मिसळलेला असतो.

हा उतार उलगडण्याची रीत कीथ हॉर्न याने दिली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९८३ मध्ये पीएच.डी. पूर्ण केल्यावर १९८५ मध्ये त्याने रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात ही पद्धत प्रसिद्ध केली. ती अशी: चकतीच्या प्रतलावर चौकोनी घरांचे जाळे कल्पायचे आणि प्रत्येक घराचे तेज अज्ञात मानायचे. तांबड्या ताऱ्याचा आकार गुरुत्वाकर्षणाने ओढला जाऊन एका टोकाला निमुळता झालेला असतो आणि तो वस्तुमानांच्या गुणोत्तरावरून नेमका ठाऊक असतो; म्हणून कोणत्या क्षणी कोणती घरे त्याच्या आड आहेत, हे आधीच काढून ठेवता येते. एका क्षणाचे मोजलेले तेज म्हणजे त्या क्षणी उघड्या असलेल्या घरांची बेरीज. झाकण्याची कड पुढे सरकताना चकतीवर कमानदार रेषा ओढत जाते, उघडण्याची कड दुसऱ्या दिशेने तशाच रेषा ओढते, आणि या दोन कमानी जिथे छेदतात तिथल्या घराचे स्थान ओळखता येते.

अडचण संख्येची आहे. आडवी-उभी पन्नास-पन्नास घरे धरली तर अज्ञात राशी अडीच हजार होतात आणि आलेखातील मापने असतात काही शेकडा. असंख्य नकाशे त्याच आलेखाशी जुळू शकतात. हॉर्नने यातून वाट काढण्यासाठी महत्तम एंट्रॉपीचे तत्त्व वापरले. हे तत्त्व रेडिओ खगोलशास्त्रात केंब्रिजच्या स्टीव्ह गल आणि जॉन स्किलिंग यांच्या कामामुळे रुळू लागले होते. मापनांशी जुळणाऱ्या सगळ्या नकाशांतून, आधी ठरवलेल्या एका मूळ नकाशापासून कमीत कमी दूर जाणारा नकाशा निवडायचा, म्हणजे पुराव्याने भाग पाडल्याशिवाय नवा तपशील पदरचा घालायचा नाही, असा त्याचा आशय. मूळ नकाशा सर्वत्र सारख्या तेजाचा घेतला, तर ठिपक्याचे तेज कमानींच्या रेषांवर पसरते आणि नकाशात फुलीसारख्या खोट्या आकृत्या उमटतात, हे हॉर्नने स्वतःच दाखवले. म्हणून त्याने मूळ नकाशा चक्राकार सरासरीचा निवडला: मध्यापासून सारख्या अंतरावरील घरांचे तेज शक्य तेवढे सारखे राहावे, एवढीच पूर्वअट. ही अट चकतीच्या स्वभावाला धरून आहे; तरी ती माणसाने घातलेली अट आहे, आणि तप्त ठिपका अशा नकाशात वर्तुळाकार दिशेने थोडा ओघळलेला दिसतो तो तिच्याचमुळे. आपली पद्धत कुठे फसते हे आपल्याच निबंधात मांडून दाखवण्याचा हा प्रामाणिकपणा नकाशांइतकाच महत्त्वाचा आहे.

निकाल लगेच हाती येऊ लागले. त्याच वर्षी हॉर्न आणि एम. सी. कुक यांनी उद्रेकातील झेड कॅमेलिओंटिसचा नकाशा काढला, तेव्हा तापमान शाकुरा-सुन्यायेव नियमाप्रमाणे बाहेर घटत गेलेले आढळले. पुढच्या वर्षी जॅनेट वुड आणि सहकाऱ्यांनी त्याच ताऱ्याच्या शांत काळातील नकाशा दिला. त्यात तापमान मध्यापासून कडेपर्यंत जवळजवळ सपाट होते. शांत काळातील चकती स्थिर प्रवाहाची नाही, वायू तिच्यात येतो पण त्याच गतीने आत उतरत नाही, साठत राहतो, असा याचा सरळ अर्थ. ओसाकीच्या पक्षाला याहून थेट पुरावा तोवर मिळाला नव्हता. त्याच काळात हॉर्न आणि रे स्टीनिंग यांनी आर. डब्ल्यू. ट्रायँग्युली या सतत तेजस्वी राहणाऱ्या जोडताऱ्याचे वितरण स्थिर नियमाशी ताडून पाहिले. १९९२ मध्ये रेने रुटन, यान फान पाराडाइस आणि याप टिनबर्गन यांनी तशा सहा ताऱ्यांचे नकाशे काढले, तेव्हा त्यांतील तीन ते चार तासांच्या आवर्तकालाच्या काही ताऱ्यांत तापमान अपेक्षेपेक्षा सपाट निघाले. त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण सहजासहजी मिळाले नाही.

१९८८ मध्ये टॉम मार्श आणि हॉर्न यांनी याच विचाराची दुसरी शाखा वाढवली. वर्णपटातील दीप्त रेषांचा आकार पूर्ण फेरीभर नोंदवून, वायू कुठे आहे याऐवजी तो कोणत्या वेगाने कोणत्या दिशेला जात आहे याचा नकाशा त्यांनी बनवला. शरीराच्या क्ष-किरण क्रमवीक्षणात निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या छाया जोडून छेद मिळवतात, त्याच गणिताचा हा उपयोग होता आणि त्याला डॉप्लर क्रमवीक्षण म्हणतात. डॅनी स्टीग्स, एमिलिओस हार्लाफ्टिस आणि हॉर्न यांनी १९९७ मध्ये आय. पी. पेगासी या ताऱ्याच्या उद्रेकात चकतीवर दोन सर्पिल भुजा पाहिल्या. सोबतच्या ताऱ्याच्या ओढीमुळे चकतीत अशा सर्पिल आघातलाटा उठाव्यात, असे जपानमधील सावादा, मात्सुदा आणि हाचिसु यांनी १९८६ मध्येच संगणकाने दाखवले होते. ब्राझीलमधील फ्लोरियानोपोलिस येथील रायमुंडो बाप्तिस्ता याने हार्लाफ्टिस आणि स्टीग्स यांच्यासह २००० मध्ये ग्रहणाच्या पद्धतीनेही त्याच भुजा काढून दाखवल्या. दोन स्वतंत्र मार्गांनी तीच आकृती निघाल्यामुळे ती गणिताची करामत असल्याची शंका फारशी उरली नाही.

बाप्तिस्ता आणि मारिया कतालान यांनी २००१ मध्ये ई. एक्स. ड्रॅकोनिस या ताऱ्याच्या एका संपूर्ण उद्रेकचक्राचे नकाशे क्रमाने मांडले. उद्रेक चढत असताना चकती फुगत जाते आणि तप्ततेची लाट आत व बाहेर अशी दोन्हीकडे धावते. ओसरताना थंडपणाची लाट बाहेरून आत सरकते आणि शेवटी श्वेत बटूभोवती लहानसा उजळ भाग तेवढा राहतो. २००२ मध्ये विक धिल्लन आणि मार्श यांचा अल्ट्राकॅम हा तीन रंगांत एकाच वेळी, सेकंदाला शेकडो चित्रे घेऊ शकणारा कॅमेरा ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीवर बसवला गेला, आणि पायऱ्यांच्या वेळा आणखी अचूक झाल्या. त्याच कॅमेऱ्याच्या निरीक्षणांवरून स्टुअर्ट लिटलफेअर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एका जोडताऱ्यातील वायू देणारा घटक तारा नसून सूर्याच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याएवढे द्रव्य असलेला तपकिरी बटू असल्याचे दाखवले. तोपर्यंत अशा जोड्या केवळ सिद्धांतात होत्या.

उद्रेकाचा वाद मात्र मिटलेला नाही. चकतीच्या अस्थिरतेचे मत आज बहुसंख्यांना मान्य आहे, आणि झेड कॅमेलिओंटिसच्या नकाशांनी त्याला बळ दिले हे खरे. पण बाप्तिस्ता आणि अलेशांद्रे बोर्तोलेतो यांनी २००४ मध्ये व्ही २०५१ ओफियुकी या ताऱ्याच्या शांत काळातील लुकलुकीचे, म्हणजे तेजातील जलद बारीक चढउतारांचे, नकाशे काढले, तेव्हा चकतीतील श्यानता अस्थिरतेच्या प्रतिमानाला हवी त्यापेक्षा बरीच जास्त निघाली, आणि निदान या ताऱ्यापुरती तरी बाथची जुनी बाजू त्यांनी पुन्हा उचलून धरली. दोन्ही पक्षांच्या हातात एकाच पद्धतीचे नकाशे आहेत. त्यांच्यात निवाडा करू पाहणाऱ्या वाचकाने रंगवलेल्या नकाशापासून सुरुवात करू नये; आधी मूळ प्रकाशवक्र पाहावा, त्यावर नकाशातून काढलेली रेषा कितपत बसते ते पाहावे, आणि मूळ नकाशा म्हणून काय गृहीत धरले होते ते तपासून मगच रंगांकडे वळावे.